कयाकवर गळ, पाण्यात मुशी : किनाऱ्याला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा लचका मुशीने तोडला. ती बुल शार्क जातीची मादी होती, तिच्या पोटात पिल्ले होती आणि पुढे तीही मेली. त्या बातमीनंतर गंगापूर रोड आणि आसपासच्या ज्या मंडळींनी हौसेने कयाक घेतली आहे, त्यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. वैतरणा तर आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मग वैतरणा धरणात उतरायचे की नाही? गंगापूर धरणात सराव करावा का? केळव्याला, डहाणूला गळ टाकायला जाणे आता धोक्याचे झाले का? आणि मुशी गळाला लागलीच तर ती घरी आणता येते का, की वनखाते दारात येते?

उत्तरे पुढे देतोच आहे. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. कयाकजवळ आलेली मुशी बहुतेक वेळा तुमच्यासाठी आलेली नसते, तुमच्या गळाला लागून तडफडणाऱ्या माशासाठी आलेली असते. म्हणून मासा कधी सोडून द्यायचा हे किनाऱ्यावर असतानाच पक्के ठरवा. रीळ भराभर सुटत असताना आणि समोर दोन हातांचा रावस उसळत असताना कोणाला शहाणपण सुचत नाही.

मुशी कुठे येते, कुठे येत नाही

धरणांची काळजी आधी मिटवू. गंगापूर धरण गोदावरीवर आहे. गोदावरी पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, वाटेत नांदूर मधमेश्वर आहे, जायकवाडी आहे, पुढे आणखी कितीतरी बंधारे आहेत. तिथून वर मुशी येण्याचा प्रश्नच नाही. वैतरणा पश्चिमेला जाते हे खरे, पण इगतपुरी तालुक्यातले ऊर्ध्व वैतरणा, त्याखाली मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशी धरणांची साखळी मधे उभी आहे. समुद्रातला मासा या भिंती चढून येत नाही. धरणात बुडून मरण्याची भीती खरी आहे, मुशीची नाही.

मनोरची गोष्ट वेगळी. तिथपर्यंत भरतीचे पाणी चढते. बहुतेक मुशींना गोडे पाणी सोसत नाही. बुल शार्क मात्र खाऱ्या, मचूळ आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत राहू शकते, आणि पिल्ले घालायला मुद्दाम नदीमुखांत आणि खाड्यांत शिरते. गढूळ, उथळ पाण्यात मोठ्या शिकाऱ्यांपासून पिल्ले सुरक्षित राहतात. म्हणजे ती मादी वाट चुकून आली असे समजण्याचे कारण नाही. दातिवरे आणि अर्नाळा यांच्यामध्ये वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथून वर, भरतीचे पाणी जाईल तिथवर, ती येऊ शकते असे धरूनच चाला.

बाकी आपल्या किनाऱ्यावर तुमच्या गळाला लागण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे ती लहान मुशींची. पालघर ते रायगड या पट्ट्यात बाजारात जी मुशी दिसते ती बहुतेकदा फावड्यासारख्या चपट्या नाकाची, बारीक डोळ्यांची, करड्या रंगाची, दोन-अडीच फुटांपलीकडे सहसा न वाढणारी जात असते. तिच्यापासून धोका एवढाच की गळ काढताना बोट दातांत सापडेल. जगभरात वर्षाला माणसांना मुशी चावण्याच्या, माणसाने डिवचलेले नसताना घडलेल्या घटना साधारण साठ-सत्तर असतात आणि त्यांत मृत्यू सरासरी पाच-सहा. समुद्रात उतरणाऱ्या माणसांची संख्या लक्षात घेतली तर हा आकडा फार लहान आहे. पण कयाकवर गळ टाकणारा माणूस पोहणाऱ्यापेक्षा वेगळा असतो: तो स्वतःच आमिष, रक्त आणि तडफडणारा मासा पाण्यात सोडत असतो. म्हणून त्याचे नियम वेगळे.

निघण्याआधी गंगापूर धरणावर

समुद्राच्या तयारीचा अर्धा भाग नाशिकमध्येच होतो. गंगापूर धरणावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे. तिथे देखरेखीखाली वल्हवणे शिका, आणि मुख्य म्हणजे उलटायला शिका. स्वतःची कयाक कुठल्याही धरणात उतरवायची असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी लागेल, आणि मासे धरायचे असतील तर आणखी एक गोष्ट: धरणांतल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

पाण्यात पडल्यावर कयाकवर परत चढणे हे एकच कौशल्य तुम्हाला मुशीपासून जितके वाचवील तितके दुसरे काही वाचवणार नाही. कयाकवर बसलेला माणूस मुशीच्या दृष्टीने एक लांब, कडक, बेचव वस्तू असतो. पाय हलवत पाण्यात लटकलेला माणूस तसा नसतो. लाइफ जॅकेट घालून, अंगावर समुद्रात घालणार तेच कपडे घालून, सोबत्याच्या मदतीशिवाय चढता यायला हवे. पोट आडवे टाकायचे, पाय मागे पाण्याला समांतर आणून एक जोरदार लाथ मारायची, छाती कयाकवर घ्यायची, मग कुशीवर वळून बसायचे. एका मिनिटाच्या आत सलग पाच वेळा जमेपर्यंत केळव्याचे नाव काढू नका. ज्यांना जमत नाही त्यांनी सोबत नावाडी घेऊन होडीतून गळ टाकावा. त्यात कमीपणा काही नाही.

सोबत काय असावे:

- लाइफ जॅकेट, पूर्ण वेळ अंगावर. कयाकच्या मागे बांधून ठेवलेले जॅकेट निरुपयोगी.
- जॅकेटलाच बांधलेली शिट्टी आणि लाईन कापायची सुरी. डब्यात ठेवलेली सुरी गरजेच्या वेळी हाताला लागत नाही.
- लांब दांड्याची पक्कड, गळ काढायला. चांगल्या तारकापीचीही सोय असू द्या.
- वल्ह्याला आणि रॉडला दोरी. वल्हे वाहून गेले तर बाकी सगळे व्यर्थ.
- पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, पूर्ण चार्ज केलेला. सोबत आधार कार्डाची प्रत. सागरी पोलीस विचारतात आणि विचारणे योग्यही आहे.
- रक्त थांबवण्यासाठी रुंद पट्टीचे टुर्निके आणि दाब पट्ट्या. पुढे त्याबद्दल सांगतो.
- काठीवर उंच लावलेला भडक रंगाचा झेंडा. लाटांमध्ये कयाक मच्छीमार बोटीच्या तांडेलाला दिसतच नाही.

गंजणारे साधे लोखंडी गळ घ्या, स्टेनलेस नको. वर्तुळाकार वाकलेले गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतात, पोटात जात नाहीत. लाईन कापून मासा सोडावा लागला तर तो जगण्याची शक्यता वाढते आणि गळ कालांतराने गंजून झडतो.

दिवस आणि वेळ : तिथी बघून ठरवा

मुशीपेक्षा कितीतरी जास्त माणसे वारा, ओहोटी आणि जाळी यांच्यामुळे संकटात सापडतात. नाशिकचा माणूस इथेच चुकतो, कारण धरणाचे पाणी एका जागी राहते.

भरतीचा अंदाज घ्यायला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. किनाऱ्यागणिक थोडे मागेपुढे होते, म्हणून नेमकी वेळ हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या तक्त्यावरून ताडून घ्या. लाटांचा इशारा आहे का तेही तिथेच कळते. पण पंधरा दिवस आधी सुटी टाकायची असेल तर हा हिशोब पुरेसा आहे.

आता पुढचे बघा. पालघरचा किनारा उथळ आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तेव्हा पाणी नुसते चढत-उतरत नाही, ओढत नेते, आणि परत येईपर्यंत पुढ्यात चिखल पसरलेला असतो. गुडघाभर चिखलातून कयाक ओढणे हा जिवावरचा प्रकार आहे. म्हणून सर्वांत सोयीच्या तिथी दशमी ते द्वादशी, शुद्ध असोत की वद्य. तेव्हा भांगाचे, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीचे, दिवस नुकतेच सरलेले असतात, ओढ बेताची असते, आणि भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते. भरतीच्या तास-दीड तास आधी उतरायचे आणि ओहोटी जोर धरण्याआधी परत यायचे.

हीच वेळ वाऱ्यालाही जुळते. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. जाताना वल्हे हलके वाटते, आणि त्याच हलकेपणात माणूस फार आत जातो. परतताना तोच वारा तोंडावर असतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की तो किनाऱ्याकडे लोटतो, पण पाणी खवळते आणि फुटणाऱ्या लाटेत कयाक उलटते. किनाऱ्यावरची माणसे ओळखू येतील त्याहून आत जाऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी तुमच्या वल्ह्याच्या कयाकला लागू नसली तरी पावसाळ्यात समुद्रात जाऊ नका.

वेळेत मुशीचाही विचार येतो. पहाटेचा अंधार, तिन्हीसांजा आणि रात्र या तिच्या शिकारीच्या वेळा. चांगले फटफटल्यावरच उतरा. म्हणून नाशिकहून मध्यरात्री निघून तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा प्रवास करून थेट पाण्यात जाण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्कामाला पोचा. झोप न झालेल्या माणसाचे निर्णय पाण्यात चुकतात.

जागा निवडताना

गावात पोचलात की आधी धक्क्यावर जाऊन एखाद्या वयस्कर कोळ्याला विचारा: काका, डोली कुठे लावल्यात, आणि या आठवड्यात मुशी लागली का जाळ्याला? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे कुठलेही अ‍ॅप देणार नाही. शिवाय हे पाणी त्यांच्या पोटापाण्याचे आहे. तुम्ही हौसेला आलात, ते घर चालवायला. पहिला मान त्यांचा.

डोल जाळ्याबद्दल नीट समजून घ्या. ही लांबलचक पिशवीसारखी जाळी समुद्रात मारलेल्या कवींना, म्हणजे खुंटांना, किंवा नांगरांना बांधतात. तोंड ओहोटी-भरतीच्या प्रवाहाकडे उघडे. वरून तुम्हाला फक्त बोये दिसतात. बोया एका बाजूला कलला असेल आणि त्याच्यामागे पाणी फेसाळत असेल, तर प्रवाह तिकडे जोरात ओढतो आहे. अशा बोयांच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी जाळ्याकडे जाते तिथे, कधीही थांबू नका. प्रवाह कयाकला जाळ्याच्या दोरांवर नेऊन आडवी करतो, आणि खाली गेलेला माणूस पिशवीत जातो. लहान मुशी, पाकट, समुद्रसाप याच जाळ्यांभोवती आणि आत असतात, ते वेगळेच.

टाळायच्या आणखी जागा:

- मासळी उतरवायच्या धक्क्याजवळचे पाणी, जिथे आतडी आणि टाकाऊ मासळी पाण्यात जाते.
- मासे निवडून टाकाऊ माल फेकणाऱ्या ट्रॉलरच्या मागचा पट्टा. पक्षी घिरट्या घालत असतील तर खाली कोण आहे ते समजून घ्या.
- पावसानंतरचे गढूळ नदीमुख. गढूळ पाण्यात मुशीला नीट दिसत नाही आणि चुकून चावा घेण्याची शक्यता वाढते.
- तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रासमोरचे पाणी. तिथले कारण मुशी नव्हे, सुरक्षा.

मुशीला आवतण देऊ नका

कयाकवर मासे धरणाऱ्यांची सर्वांत वाईट सवय म्हणजे धरलेले मासे दोरीत ओवून कयाकच्या कडेला पाण्यात लोंबकळत सोडणे. मासे ताजे राहतात, हे खरे. पण तुमच्या मांडीपासून हातभर अंतरावर तुम्ही रक्ताची आणि धडपडीची खूण तासन्‌तास पाण्यात सोडत असता. मासा लागला की लगेच मारा आणि बर्फाच्या बंद पेटीत टाका. जिताडा आणि तांबोशी यांची चव तशीही पेटीतच चांगली राहते.

मासे पाण्यावर साफ करू नका, खवले-आतडी टाकू नका. तारली-बांगड्याचा लगदा पाण्यात सोडून मासे गोळा करण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. कयाकवरून ती करायचीच नाही. हात धुतलेले, आमिषाचे रक्त लागलेले पाणीही बाजूला ओतू नका, बाटलीत घ्या. हातापायाला ओली जखम असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरून गळ टाका. चकचकीत साखळी, घड्याळ काढून ठेवा. पाण्यात ते खवल्यासारखे चमकते. आणि पाय कयाकच्या दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून बसायची सवय धरणावरून घेऊन आला असाल, तर ती धरणावरच ठेवून या.

मुशी जवळ आली तर

बहुतेकदा ती दिसण्याआधी गळावर कळते. मासा ओढत असताना अचानक दोन-तीन जोरदार हिसके बसतात, लाईन ढिली पडते, आणि वर येते ते फक्त डोके. मागचे अंग अर्धचंद्राकार, सुरीने कापावे तसे गेलेले. हे दिसले की तिथला दिवस संपला. डोके पाण्यात परत फेकू नका, पेटीत टाका, जागा सोडा. "आणखी एकदा टाकून बघू" हा मोह टाळा, कारण दुसऱ्यांदा ती वाट बघत असते.

मासा अजून गळावर आहे आणि मुशी त्याच्यामागे आहे असे दिसले तर:

1. लाईन कापा. ओढाताण करून मासा कयाकपर्यंत आणलात तर मुशीही कयाकपर्यंत येते. इथेच किनाऱ्यावर केलेला निश्चय कामी येतो.
2. हात-पाय कयाकच्या आत घ्या, बसकण खाली आणि स्थिर ठेवा.
3. सोबत्याला आवाज द्या, दोन्ही कयाक एकमेकींजवळ आणा. एकटे कधी जाऊच नका.
4. दुसरे गळ पाण्यात असतील ते वर घ्या.
5. मुशीवर नजर ठेवून, सावकाश पण सलग वल्हे मारत किनाऱ्याकडे निघा. वल्हे पाण्यावर आपटू नका, घाबरून केलेल्या धडपडीने तिचे कुतूहल वाढते.
6. ती कयाकला नाकाने ढोसून बघू शकते. वल्ह्याच्या पात्याने तिला बाजूला लोटा, पण स्वतःहून मारायला जाऊ नका. कयाक हलली तर वल्ह्याचे पाते पाण्यावर आडवे टेकवून तोल सांभाळा.

पाण्यात पडलात तर पाय जवळ घ्या, मुशीकडे तोंड ठेवा, आणि कयाकवर परत चढा. सरावाचे ते एक मिनिट याच्यासाठी होते. तिने धरलेच तर नाक, डोळे आणि कल्ल्यांच्या फटी या जागांवर जे हातात असेल त्याने जोरात मारा.

आणि मोबाइल काढून चित्रण करू नका, गर्दी गोळा करू नका. गंगापूर रोडवरच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको: जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा तो वाट शोधत असताना भोवती गर्दी जमली आणि माणसे जखमी झाली. मुशीलाही जायला मोकळी वाट लागते.

एका पाहुणीची मात्र भीती नको. डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांची, बसएवढी लांब, रुंद तोंडाची व्हेल शार्क दिसली तर ती सूक्ष्म जीव गाळून खाणारी आहे, चावणारी नाही. तिच्यापासून अंतर ठेवा ते तिच्या शेपटीच्या फटक्यापासून आणि तिच्या भल्यासाठी.

गळाला लागलीच तर

लहान असो वा मोठी, कयाकच्या आत घेऊ नका. दीड फुटाची मुशीही मांडीवर वळवळू लागली की सॅंडपेपरसारख्या तिच्या कातडीने अंग सोलवटते, आणि ती वळून शेपटीकडच्या हातालाही चावू शकते. तिला पाण्यातच कयाकच्या कडेला राहू द्या. पक्कड पोचत असेल तर गळ काढा, नसेल तर गळाच्या जितक्या जवळ सुरक्षितपणे जाता येईल तिथे लाईन कापा. शेपटीला धरून लटकवू नका. पाण्याबाहेर तिच्या आतल्या अवयवांना आधार नसतो. फोटोसाठी किनाऱ्यावर ओढत नेणे तर नकोच. मोठ्या मुशी उशिरा वयात येतात, पिल्ले थोडी घालतात. एक प्रौढ मादी गेली की भरून यायला वर्षे लागतात.

मुशीचे मटण घराघरांत आवडीने खातात आणि बाजारात कायदेशीर जातींची विक्री होते, हे मान्य. तरी कयाकवरच्या हौशी माणसाला माझा स्पष्ट सल्ला आहे: मुशी ठेवूच नका. तुम्हाला जात ओळखता येणार नाही, आणि पुढे सांगतो तो कायदा चूक माफ करत नाही.

कायदा : थोडक्यात पण नीट

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, करवतीसारख्या लांब तोंडाचे करवतमासे आणि काही पाकटांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या तोडीचे, संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने याद्या नव्याने मांडल्या आणि मुशी-पाकटांच्या आणखी जाती त्यांत आल्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. जिवंत सोडणे हाच बचाव. मुशीचे पंख वेगळे कापून घेण्यावर २०१३ पासून, तर पंखांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे. कोणी "पंख काढून द्या" म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

इतर माशांबाबतही एक नियम कळून ठेवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी धरायच्या किमान आकाराची यादी काढली. आकाराने लहान मासा सोडून द्या. हौसेने धरलेली मासळी विकू नका. गळ टाकण्याबाबत स्थानिक अटी काय आहेत हे त्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात किती जण, कुठून, किती वाजता एवढे कळवा.

तुमच्यासोबत कोळी बांधव असतील तर त्यांना एक योजना सांगा. संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळे कापून तो जिवंत सोडला, तर फोटो किंवा चित्रणाच्या पुराव्यावर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष ती देतात. ही मच्छीमारांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

किनाऱ्यावर कयाक भाड्याने घेणार असाल तर चालकाकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना मागून बघा. जॅकेट तुमच्या मापाचे आणि शाबूत मिळणे हा तुमचा हक्क आहे. "खाली कमरेएवढेच पाणी आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, तेव्हा कोणी स्वस्तात देत असेल तर तो परवान्याबाहेर देतो आहे.

जखम झाली तर

चाव्यात माणूस दगावतो तो रक्त वाहून गेल्याने, म्हणून पहिली मिनिटे सोबत्याची. जखमेवर कापड दाबून धरा, पूर्ण वजनाने. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर टुर्निके जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळा. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहा. डॉक्टर हात लावेपर्यंत सैल करू नका. माणसाला आडवे झोपवा, अंग झाका, खायला-प्यायला देऊ नका.

प्रत्यक्षात मुशीपेक्षा तुम्हाला पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. उथळ चिखलात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतो. काटा लागला तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना पुष्कळ उतरते. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण जखमीला चटका कळत नाही. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपटू नका, तसाच घेऊन रुग्णालयात चला.

गळाला समुद्रसाप लागला तर लाईन कापा, सोडवत बसू नका. त्याचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची नेहमीची लस जमिनीवरच्या चार सापांसाठी असते, समुद्रसापासाठी नाही. तेव्हा श्वासाला आधार देण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्यावे लागते. दंश झालेला हात-पाय हलवू नका, आणि मधे वेळ घालवू नका.

रुग्णालय सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे पहिले उपचार आधी, कागदपत्रे आणि पोलिसांची नोंद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. दारात कोणी "आधी अनामत भरा" म्हणून अडवले तर याच निकालाचे नाव घेऊन उपचार मागा.

फोनमध्ये निघण्याआधीच साठवायचे क्रमांक:

- रुग्णवाहिका १०८
- सर्वसाधारण आपत्कालीन मदत ११२
- समुद्रात अडकल्यास तटरक्षक दल १५५४
- सागरी पोलीस १०९३
- जखमी किंवा किनाऱ्यावर अडकलेली मुशी, कासव, डॉल्फिन दिसल्यास वनविभाग १९२६

वनविभागाला कळवताना जागा, भरतीची स्थिती आणि प्राणी जिवंत आहे का हे सांगा, आणि त्यांची माणसे येईपर्यंत लोकांना लांब ठेवा. मुशी जिवंत असेल तर ओले कापड अंगावर टाका, पण तिच्या तोंडासमोर आणि शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नका.